साडेचार मायक्रोलिटरचा कॉलम: अन्न-पाण्यातल्या दूषकांसाठी कॅपिलरी एलसी कशी उभारावी

कॅपिलरी एलसी म्हणजे केसासारख्या बारीक कॉलममधून, म्हणजे सूक्ष्म कणांनी भरलेल्या नळीतून, द्रव ढकलून नमुन्यातले पदार्थ वेगळे करणारी लिक्विड क्रोमॅटोग्राफी. ०.३ मिलिमीटर आतला व्यास आणि १०० मिलिमीटर लांबी असलेल्या कॉलममध्ये द्रव मावतो जेमतेम साडेचार मायक्रोलिटर. तोटीला लोंबणारा पाण्याचा एक थेंब साधारण पन्नास मायक्रोलिटरचा असतो, म्हणजे तेवढ्यात असे दहा कॉलम भरून वर उरेल. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा. पुढची प्रत्येक पायरी, नळी कापण्यापासून नमुना पातळ करण्यापर्यंत, याच आकड्यावर बेतलेली आहे.

नेहमीच्या एचपीएलसीवर, म्हणजे मोठ्या कॉलमच्या लिक्विड क्रोमॅटोग्राफीवर, हात बसलेल्या माणसाला वाटतं की कॉलम बारीक घेतला, प्रवाह कमी केला की झालं काम. तसं होत नाही. मशीनवर नुसता कॉलम बदलून बसवला तर पीक (आलेखावर प्रत्येक पदार्थाचं उमटणारं शिखर) पसरट येतात आणि दोष कॉलमला दिला जातो. खरं काम कॉलमच्या बाहेर असतं: जोडांमध्ये, नळ्यांमध्ये आणि नमुन्याच्या स्वच्छतेत. म्हणून या लेखात त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

फायदा नेमका कुठून येतो

तेवढाच पदार्थ बारीक कॉलममध्ये घातला तर तो कमी द्रवात पसरतो, म्हणून पीकच्या टोकाशी त्याची तीव्रता जास्त असते. ही वाढ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात होते. ४.६ मिलिमीटरवरून ०.३ मिलिमीटरवर आलात तर सुमारे २३५ पट. ऐकायला छान वाटतं, पण त्यात एक अट दडलेली आहे. नियमाप्रमाणे इंजेक्शनही (एका वेळी कॉलममध्ये घालायचा नमुना) तेवढ्याच पटीत कमी करायचं असतं, म्हणजे १० मायक्रोलिटरऐवजी ०.०४. तसं केलंत तर २३५ पटींचा फायदा पूर्ण संपला. हाती उरते फक्त सॉल्व्हंटची बचत. तीही लहान नाही: मिनिटाला १ मिलिलिटर या वेगाने आठ तासांत ४८० मिलिलिटर लागतात, तर मिनिटाला ४ मायक्रोलिटरने दोन मिलिलिटरसुद्धा लागत नाहीत.

संवेदनशीलता हवी असेल तर तो जास्तीचा नमुना कॉलमच्या तोंडाशी गोळा करण्याची युक्ती लागते. ती सहाव्या पायरीत आहे. डिटेक्टर मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर आणखी एक गोष्ट पथ्यावर पडते. कमी प्रवाहात इलेक्ट्रोस्प्रेचे (विजेच्या दाबाखाली उडणाऱ्या द्रवाच्या फवाऱ्याचे) थेंब लहान होतात, बाष्पीभवन लवकर होतं आणि जास्त रेणूंचे आयन बनतात.

मिळालेली संवेदनशीलता दोन ठिकाणी खर्च करता येते. पाण्याचा नमुना मुबलक असतो, तिथे ती खालची मर्यादा गाठायला वापरा. अन्नाचा अर्क मळकट असतो, तिथे ती अर्क पातळ करायला वापरा. माझ्या मते दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण विसरतात.

पायरी १: आकार ठरवा

२.१ मिलिमीटरचा कॉलम आता सर्वत्र रुळला आहे, त्याला सूक्ष्म म्हणण्यात अर्थ नाही. १ मिलिमीटरला मिनिटाला ४० ते १०० मायक्रोलिटर, ०.३ मिलिमीटरला ३ ते १० मायक्रोलिटर आणि ७५ मायक्रोमीटरच्या नॅनो कॉलमला २०० ते ३०० नॅनोलिटर असा प्रवाह लागतो. नॅनो सर्वांत संवेदनशील खरा, पण एमिटर (फवाऱ्याची सुई) तुंबणं, जोड गळणं आणि एकेका रनला लागणारा वेळ यांमुळे रोजच्या नमुन्यांच्या रांगेला तो पुरा पडत नाही. दूषकांच्या कामाला ०.३ मिलिमीटर सोयीचा पडतो. पुढचे सगळे आकडे १०० × ०.३ मिलिमीटर, सी-१८ (अठरा कार्बनच्या साखळ्या जोडलेले कण) भरणाचा, ३ मायक्रोमीटरच्या आसपास कण असलेला कॉलम आणि मिनिटाला ४ मायक्रोलिटर प्रवाह धरून दिले आहेत.

पायरी २: पंप

जुना पंप आणि स्प्लिटर वापरून काम भागतं, पण त्यात एक फसवणूक आहे. मोठा प्रवाह विभागून त्यातला लहानसा हिस्सा कॉलमकडे पाठवला जातो. कॉलम थोडा तुंबला की प्रवाह आपोआप दुसऱ्या वाटेने जातो, दाब वाढल्याची सूचना येत नाही आणि रिटेन्शन टाइम (पदार्थ कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) गुपचूप सरकत राहतो. शक्य असेल तर स्प्लिट नसलेला, प्रवाहाचा सेन्सर असलेला किंवा सिरिंज प्रकारचा पंप घ्या.

कोणताही पंप असो, पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. बाहेर येणारी नळी १० मायक्रोलिटरच्या काचेच्या सिरिंजला बाहीने जोडा आणि घड्याळ लावा. ४ मायक्रोलिटरचा प्रवाह असेल तर ती अडीच मिनिटांत भरली पाहिजे. उघड्या व्हायलमध्ये द्रव गोळा करून वजन करू नका, इतक्या कमी द्रवातला बराचसा वजन करेपर्यंत उडून गेलेला असतो.

मोबाइल फेजमधली (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवातली) हवा नीट काढा. मोठ्या कॉलमवर एखादा बुडबुडा बेसलाइनवर काटा उमटवून निघून जातो. इथे तो पूर्ण रन घालवतो.

पायरी ३: नळ्या आणि जोड

इथे घाई करू नका. नेहमीच्या एचपीएलसीत वापरली जाणारी ०.१२५ मिलिमीटर व्यासाची नळी उदाहरणादाखल पाहा. तिच्या ५० सेंटिमीटरमध्ये ६ मायक्रोलिटर द्रव मावतो, म्हणजे आपल्या अख्ख्या कॉलमपेक्षा जास्त. ५० मायक्रोमीटरच्या नळीत त्याच लांबीला जवळपास १ मायक्रोलिटर आणि २५ मायक्रोमीटरच्या नळीत पाव मायक्रोलिटर. मग सरसकट २५ का नको? कारण व्यास निम्मा केला की आकारमान चौपटीने घटतं, पण दाब सोळा पटीने वाढतो. ४ मायक्रोलिटरच्या प्रवाहाला पाणी असताना २५ मायक्रोमीटरची अर्धा मीटर नळी एकटीच ३५ बार खाते, ५० ची दोन-सव्वादोन बार. शिवाय बारीक नळी तुंबतेही लवकर. मी इंजेक्टरपासून कॉलमपर्यंत ५० मायक्रोमीटरची आणि कॉलमपासून डिटेक्टरपर्यंत २५ मायक्रोमीटरची, जमेल तितकी आखूड नळी ठेवतो. कॉलमच्या पुढच्या बाजूला पसरलेलं तोंडाशी गोळा करून सावरता येतं. मागच्या बाजूला पसरलेलं कशानेच सावरत नाही.

आता जोड. सहा सेकंद रुंदीचा पीक ४ मायक्रोलिटरच्या प्रवाहात ०.४ मायक्रोलिटर जागा घेतो. नळी फिटिंगच्या तळापर्यंत न टेकता अर्धा मिलिमीटर आधीच थांबली आणि तिथलं भोक अर्ध्या मिलिमीटरचं असलं, तर तेवढ्या फटीत ०.१ मायक्रोलिटर मावतो. म्हणजे पीकचा चौथा भाग. डोळ्याला न दिसणारी ही फट पीकला शेपूट आणते.

म्हणून नळी आधी तळाला टेकवा, बोटाने दाबून धरा आणि मगच नट आवळा. नट आवळताना नळी किंचित वर सरकते, दाबून न धरल्यास फट राहतेच. फ्यूज्ड सिलिका कॅपिलरी कापताना सिरॅमिकच्या पात्याने एकच हलका ओरखडा काढा आणि ती न वाकवता सरळ ओढा. मग टोक भिंगाखाली धरा. काप काटकोनात असायला हवा, कडेला भेगा किंवा तुसं नकोत. तिरकं टोक दिसलं तर पुन्हा कापा. सुरुवातीला कारखान्यातून कापून आलेल्या, पीकच्या आवरणातल्या कॅपिलरी वापरल्या तर बरीच डोकेदुखी वाचते. इथे पीक म्हणजे PEEK नावाचं कडक प्लॅस्टिक, क्रोमॅटोग्रामवरचा (आलेखावरचा) पीक नव्हे.

गळती शोधणं ही वेगळीच कला आहे. मिनिटाला अर्धा मायक्रोलिटर गळत असेल तर थेंब दिसतच नाही, कारण तो जमण्याआधी सुकतो. एकदा माझ्याकडे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दोन दिवसांत पाऊण मिनिट उशिरा येऊ लागलं. दाब किंचित कमी, खाली ठेवलेला टिपकागद कोरडा, कॉलम नवा. शेवटी टॉर्च आणि भिंग घेऊन एकेक जोड पाहिला, तेव्हा कॉलमच्या आधीच्या नटच्या कडेला केसाइतकी पांढरी रेघ दिसली. अमोनियम फॉर्मेट सुकून बसलं होतं. तेव्हापासून मोबाइल फेजमध्ये फॉर्मिक ॲसिड असताना पीएच कागदाची बारीक पट्टी प्रत्येक जोडाला मिनिटभर टेकवून पाहतो. रंग बदलला की जोड सापडला.

पायरी ४: डिटेक्टर

नेहमीच्या यूव्ही डिटेक्टरचा फ्लो सेल १० मायक्रोलिटरच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या कॉलमच्या दुप्पट. त्यात दोन वेगळे झालेले पीक पुन्हा एकत्र येतील. कॅपिलरीसाठी नॅनोलिटरमधला सेल लागतो. पण तिथे प्रकाशाचा मार्ग आखूड होतो: १० मिलिमीटरऐवजी ०.१ मिलिमीटर असेल तर शोषण शंभर पटीने घटतं. झेड आकाराचा सेल प्रकाश नळीच्या लांबीच्या दिशेने पाठवून यातला बराच तोटा भरून काढतो. एलईडीवर चालणारे लहान यूव्ही डिटेक्टर वजनाला हलके आणि वीज कमी खाणारे असल्याने प्रयोगशाळेबाहेर नेण्याच्या यंत्रांत तेच वापरतात. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक २७० नॅनोमीटरला चांगलं दिसतं, ॲट्राझिन या तणनाशकाला २२२ च्या आसपास जावं लागतं. अफ्लाटॉक्सिन किंवा पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन शोधायचे असतील तर फ्लुरोसन्स उत्तम.

अवशेष आहे की नाही हे ठामपणे सांगायचं असेल तर मात्र ट्रिपल क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटरच हवा. प्रत्येक पदार्थासाठी दोन ट्रान्झिशन (मूळ आयन आणि तो फुटून होणारा तुकडा यांची जोडी) ठेवा: ॲट्राझिन २१६ वरून १७४ आणि १०४, इमिडाक्लोप्रिड २५६ वरून २०९ आणि १७५, कार्बेन्डाझिम १९२ वरून १६० आणि १३२. एमिटरचं भोक ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असू द्या. नेहमीच्या रुंद सुईत कॉलमने मिळवलेलं सगळं शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये वाया जातं. पीक सहा सेकंदांचा असेल तर त्यावर बारा-पंधरा बिंदू पडायला हवेत, म्हणजे एक फेरा अर्ध्या सेकंदाच्या आत.

पायरी ५: नमुना तयार करा

फळं-भाज्यांसाठी २००३ साली प्रसिद्ध झालेली क्वेचर्स पद्धत इथेही चालते. एकजीव केलेला १० ग्रॅम नमुना, १० मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल, जोरात हलवणं. मग ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ, पुन्हा लगेच हलवणं, नाहीतर सल्फेटचे खडे बनतात. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा थर घ्या. त्यातल्या प्रत्येक मिलिलिटरला १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २५ मिलिग्रॅम पीएसए ही शोषक पूड. पीएसए साखर आणि फॅटी ॲसिड ओढून घेतं. स्निग्ध नमुन्यात सी-१८ ची पूडही घाला. हिरव्या पालेभाजीत क्लोरोफिल काढायला ग्राफाइट कार्बन वापरतात, पण कार्बेन्डाझिम आणि थायाबेन्डाझोलसारखे चपटे रेणूही त्याला चिकटतात, म्हणून तो अगदी बेताने.

अर्क तयार झाला की तो पाण्याने २० पट पातळ करा, पाण्यात ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड घालून. इथे बहुतेकांचा हात अडखळतो, मुश्किलीने मिळवलेला अवशेष पातळ कसा करायचा? हिशेब करून पाहा. युरोपीय संघात ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. क्वेचर्सच्या अर्कात ते होतात मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम. २० पट पातळ केल्यावर अर्धा नॅनोग्रॅम. त्यातले २ मायक्रोलिटर इंजेक्ट केले तर कॉलमवर १ पिकोग्रॅम पोहोचतो. चांगल्या ट्रिपल क्वाडला बारीक कॉलमवर बहुतेक कीटकनाशकांचा १ पिकोग्रॅम दिसतो. आणि त्या बदल्यात तीन गोष्टी मिळतात: मॅट्रिक्समुळे (नमुन्यातल्या इतर घटकांमुळे) सिग्नल दबणं कमी होतं, कॉलमवर घाण कमी जाते आणि ॲसिटोनायट्राइल ५ टक्क्यांवर आल्याने नमुना कॉलमच्या तोंडाशी गोळा होऊ शकतो.

एक सावधगिरी. पायरेथ्रॉइडसारखे पाण्याला नकोसे असलेले पदार्थ पातळ केल्यावर व्हायलच्या काचेला चिकटतात. तुमच्या यादीत ते असतील तर त्यांच्यासाठी ॲसिटोनायट्राइल थोडं जास्त ठेवा आणि वेगळं तपासा.

पाणी घातल्यावर अर्क गढूळ झाला तर घाबरू नका, चरबी आणि मेण वेगळं होत असतं. १०,००० जी किंवा जास्त वेगाने दहा मिनिटं फिरवा आणि मग ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा. मोठ्या कॉलमने सहन केलेले कण हा कॉलम सहन करत नाही. फिल्टरवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. स्टँडर्ड (माहीत तीव्रतेचं द्रावण) गाळण्याआधी आणि गाळल्यानंतर चालवा, एरिया (पीकखालचं क्षेत्रफळ) पाच टक्क्यांहून जास्त घटला तर फिल्टर बदला.

पाण्याच्या नमुन्याचं सोपं आहे. गडद काचेची बाटली, ४ अंश तापमान, क्लोरीन असेल तर थोडं सोडियम थायोसल्फेट आणि गाळणं. पीफास (सहज न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) शोधत असाल तर काच नको, पॉलिप्रॉपिलीन घ्या आणि द्रवाच्या वाटेवरच्या टेफ्लॉनच्या नळ्या शक्य तिथे बदला, नाहीतर ब्लँकमध्येच (दूषक नसलेल्या कोऱ्या नमुन्यातच) पीफास सापडेल.

पायरी ६: कॉलमच्या तोंडाशी गोळा करणं

०.०४ मायक्रोलिटर इंजेक्शनच्या हिशेबात आपण २ मायक्रोलिटर घालतोय, म्हणजे पन्नास पट जास्त. तरी पीक फुगत नाही, कारण ९५ टक्के पाण्यात असलेला ॲट्राझिनचा रेणू सी-१८ भेटल्याबरोबर तिथेच थांबतो. मागून येणारेही तिथेच थांबतात. ग्रेडियंटमधलं (हळूहळू बदलत जाणाऱ्या द्रवमिश्रणातलं) ॲसिटोनायट्राइल वाढलं की सगळे एकदम निघतात.

मेथामिडोफॉस, ॲसिफेट यांसारखे ध्रुवीय (पाण्यात सहज राहणारे) पदार्थ मात्र थांबत नाहीत. त्यांचा पीक पसरतो किंवा दुभंगतो. आपली मर्यादा शोधायची रीत सोपी आहे: तेच द्रावण ०.५, १, २ आणि ५ मायक्रोलिटर घाला. एरिया प्रमाणात वाढला पाहिजे आणि पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी तशीच राहिली पाहिजे. ज्या आकारमानाला सर्वांत आधी येणारा पीक दहा टक्क्यांहून जास्त रुंदावला, त्याच्या अलीकडे थांबा.

पाण्याच्या नमुन्यात आणखी पुढे जाता येतं. ४ मायक्रोलिटरच्या प्रवाहाने १ मिलिलिटर पाणी चढवायला चार तासांहून जास्त लागतील. म्हणून स्विचिंग व्हॉल्व्हवर छोटा ट्रॅप कॉलम बसवा आणि दुसऱ्या पंपाने मिनिटाला ५० मायक्रोलिटरने वीस मिनिटांत ते पाणी त्यातून काढा. युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यातल्या एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. तेवढं असलेल्या एका मिलिलिटरमधून १०० पिकोग्रॅम जमा होतो, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी खालचंही दिसतं.

ट्रॅपमधून पदार्थ उलट दिशेने काढले तर पीक जास्त टोकदार येतात, पण ट्रॅपच्या तोंडाशी अडकलेले कणही मुख्य कॉलमकडे जातात. नदीच्या पाण्याला मी सरळ दिशाच ठेवतो. स्वच्छ भूजलाला उलटी चालते. ट्रॅप किती पाणी पेलतो ते तपासायला १०० पिकोग्रॅम तेवढेच ठेवून ते ०.२, ०.५, १ आणि २ मिलिलिटर पाण्यात घालून चालवा. एरिया घटू लागला, तिथून पदार्थ वाहून जातोय.

पायरी ७: ग्रेडियंट

अ बाटलीत पाणी, ब बाटलीत ॲसिटोनायट्राइल, दोन्हींत ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड. पहिली दोन मिनिटं ५ टक्के ब, मग बारा मिनिटांत ९५, तिथे तीन मिनिटं, आणि परत ५ टक्क्यांवर किमान सहा मिनिटं. ही सहा मिनिटं म्हणजे कॉलमच्या आकारमानाच्या पाचपट द्रव. त्यात काटकसर केली तर लवकर येणारे पीक रोज जागा बदलतात.

मिक्सरपासून कॉलमपर्यंत १० मायक्रोलिटर जागा असेल तर ग्रेडियंट अडीच मिनिटं उशिरा पोहोचतो. दुसऱ्या यंत्रावरची पद्धत तशीच्या तशी उतरवली आणि वेळ जुळली नाही, की आधी हे मोजा. कॉलम ओव्हन ४० अंशांवर ठेवा. इतक्या बारीक कॉलमचं तापमान खोलीच्या पंख्यानेही हलतं.

पायरी ८: मोजणं आणि खात्री करणं

स्टँडर्ड शुद्ध सॉल्व्हंटमध्ये नको, दूषकमुक्त नमुन्याच्या तितक्याच पातळ केलेल्या अर्कात बनवा. दोन्हींच्या कॅलिब्रेशन रेषांचे उतार ताडून पाहा. फरक २० टक्क्यांच्या आत असेल तर मॅट्रिक्सचा त्रास नगण्य समजा. जास्त असेल तर आणखी पातळ करा किंवा ड्यूटेरियम घातलेलं इंटर्नल स्टँडर्ड वापरा, जसं ॲट्राझिन-डी५ किंवा इमिडाक्लोप्रिड-डी४. ते अर्क काढण्याआधी नमुन्यात घालायचं, नंतर नाही.

रांग अशी लावा: सॉल्व्हंट ब्लँक, कॅलिब्रेशन, पुन्हा ब्लँक, नमुन्याचा ब्लँक, स्पाइक केलेला (माहीत प्रमाणात दूषक मिसळलेला) नमुना, मग दहा-दहा नमुने आणि प्रत्येक दहानंतर मधलं एक स्टँडर्ड. सर्वांत मोठ्या स्टँडर्डनंतरच्या ब्लँकमध्ये पीक दिसला तर सुई आणि व्हॉल्व्ह धुण्याचा वेळ वाढवा. स्पाइकची रिकव्हरी (घातल्यापैकी परत सापडलेला भाग) ७० ते १२० टक्के आणि पुनरावृत्तीतला फरक २० टक्क्यांच्या आत हवा. नमुन्यातल्या पीकचा रिटेन्शन टाइम स्टँडर्डपेक्षा ०.१ मिनिटाहून जास्त वेगळा नको आणि दोन ट्रान्झिशनचं गुणोत्तर ३० टक्क्यांच्या आत जुळायला हवं. एक जरी निकष चुकला तर तो नमुना सकारात्मक म्हणून कळवू नका, कारण त्या आकड्यावर कुणाचा तरी माल अडतो किंवा कुणाचं तरी पाणी बंद होतं.

पायरी ९: रोजची देखभाल

रोज सकाळी ५ टक्के ब असताना दाब लिहून ठेवा. तो वाढला तर डिटेक्टरच्या टोकापासून मागे एकेक जोड सोडत या. ज्या जोडानंतर दाब कोसळतो, तुंबलेला भाग नुकताच सोडलेला असतो. तो बहुतेक वेळा गार्ड कॉलम (मुख्य कॉलमआधीचा छोटा संरक्षक कॉलम) किंवा इंजेक्टरनंतरचा फिल्टर असतो, तो बदलला की काम झालं. दाब घटला तर गळती, पीएच कागद काढा. दाब तोच आणि सगळ्या पीकना अचानक शेपूट आली तर कॉलमला हात लावण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांचे जोड सोडून नव्याने बसवा. माझ्या अनुभवात बऱ्याचदा तेवढ्यानेच पीक पुन्हा सरळ उभे राहतात.

काम संपल्यावर फॉर्मेट आणि ॲसिड पूर्ण धुऊन काढा, कॉलम ॲसिटोनायट्राइलने भरा आणि दोन्ही टोकांना प्लग घट्ट बसवा. उघडं टोक राहिलं तर आतले ते साडेचार मायक्रोलिटर सकाळपर्यंत उडून गेलेले असतात.